ललितच्या फियाटला हवा किती लागते

रेसच्या गाडीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर मोजावं, अशी इच्छा आपल्या देशात फार तर पंचवीस माणसांना होत असेल. त्यातला एक माझा मेहुणा निघाला, याला मी काय करणार?

ललित हा माझ्या बायकोचा, नूतनचा, धाकटा भाऊ. हे नातं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मी या नात्यापायी ओढला गेलो, हौसेपायी नव्हे. हौस नंतर आली. ललितचं उधन्याला गॅरेज होतं. दिवसभर तो टेम्पो आणि रिक्षा दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात एका जुन्या फियाटला रेसची गाडी बनवायचा. मागच्या सीटा काढल्या होत्या, दारांवर पाच नंबर रंगवला होता आणि बॉनेटला भोक पाडून त्यावर पत्र्याचा एक भोंगा बसवला होता. गाडी पळाली की भोंग्यातून हवा आत घुसणार, इंजिनाला जास्त हवा मिळणार आणि फियाट विमानासारखी सुटणार, असा त्याचा हिशेब. शहरातला एक मोटर क्लब दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर मातीतली शर्यत घ्यायचा. सत्त्याण्णव साली, म्हणजे आदल्या वर्षी, तिथे नऊ गाड्या पळाल्या. ललितची नववी आली. शेवटची शंभर पावलं ती आली असंही म्हणता येणार नाही, ती आणली. ढकलणाऱ्यांत मीही होतो.

माझे सासरे दगाआप्पा तेव्हा मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी आयुष्यभर चलथाणच्या साखर कारखान्यात काम केलं आणि निवृत्तीनंतर तिथेच घर केलं. त्यांनी त्याच दिवशी निकाल दिला. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा मागे पडली, तर ललितने गॅरेज बंद करून कारखान्याच्या वर्कशॉपला ट्रॅक्टर दुरुस्तीला लागायचं. त्यांनी साहेबांना शब्दही टाकून ठेवला होता.

"ट्रॅक्टरले भोंगा लागत नही," आप्पा म्हणाले, "पोटले भाकर लागस."

आमच्या सासरी अहिराणीतून झालेला निकाल बदलत नाही. वरच्या कोर्टात जाता येत नाही, कारण वरचं कोर्ट म्हणजे सासूबाई, आणि त्या आप्पांच्याच बाजूच्या.

म्हणून मार्च महिन्यात ललित आमच्याकडे डिंडोलीला आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "दाजी, हा भोंगा खरंच हवा देतो की नाही, ते मोजायचंय. तुम्ही प्रेशरवाले."

मी प्रेशरवाला होतो यात शंका नाही. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर होतो. बॉयलरवर, रंगाच्या मशीनवर, वाफेच्या पाइपवर जिथे जिथे काटा हलत असे, तो माझ्या परवानगीने हलत असे. मिलचे शेठही काट्याकडे बघण्याआधी माझ्या तोंडाकडे बघत. अशा माणसाला कुणी हवेचं प्रेशर विचारावं, म्हणजे पुरणपोळी करणारीला पाणी उकळता येतं का विचारण्यासारखं.

"एवढंच ना?" मी म्हणालो. या दोन शब्दांनी आजवर जेवढी माणसं बुडवली, तेवढी तापीच्या पुरानेही बुडवली नसतील.

दुसऱ्या रविवारी मी मिलच्या भंगारातून, स्टोअरकीपरला विचारून, बॉयलरचा एक जुना गेज आणला. ताटलीएवढा, पितळी कडेचा, सोळा किलो दाबापर्यंतचा. फियाट आमच्या घरासमोर उभी होती. कार्बोरेटरच्या खाली, जिथून हवा आणि पेट्रोल इंजिनात शिरतं, तिथल्या पाइपाला ललितने एक बारीक नळी काढून ठेवली होती. ती मी गेजला जोडली. सोसायटी गोळा झाली. ललितने इंजिन चालू केलं.

काटा शून्यावर.

"रेस दे," मी म्हणालो. त्याने रेस दिली. काटा शून्यावरच. नीट पाहिलं तर तो शून्याच्या खिळ्याला टेकून थरथरत होता, जणू त्याला अजून खाली जायचं होतं पण रस्ता नव्हता. मी चष्मा काढून पुसला. प्रतिष्ठित माणसाला विचार करायला वेळ हवा असला की तो चष्मा पुसतो.

"ललित," मी गंभीरपणे म्हणालो, "तुझ्या हवेला प्रेशरच नाही."

त्याचा चेहरा इतका पडला, की समोरच्या ओट्यावर बसलेले चिंधाअण्णा उठून आले. अण्णा लूमवर जॉबर, म्हणजे माग लावणारा मुकादम, म्हणून तीस वर्षं काढून घरी बसले होते आणि आता सल्ल्याचं खातं सांभाळायचे. जॉबरला लूमचा आवाज ऐकून दोष कळतो, आणि निवृत्त जॉबरला आवाज न ऐकताही.

"वाल्मिकभाऊ," अण्णा विडी पेटवत म्हणाले, "बॉयलर काय करतो? फुंकतो. इंजिन काय करतं? ओढतं." त्यांनी एक झुरका घेतला आणि विडीचं टोक लाल करून दाखवलं. "मी ओढतोय, तर विडीत प्रेशर वाढलं का कमी झालं?"

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? पंधरा वर्षं मी प्रेशरची नोकरी केली, पण ते नेहमी वर चढणारं प्रेशर होतं. आपल्या भोवती जी हवा आहे तिच्यापेक्षाही खाली काही असू शकतं, हे पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेनंतर पुस्तकासकट परत केलं होतं.

पण चूक विडीवाल्याने काढावी, हे मनाला लागलं. तिसऱ्या रविवारी मी शास्त्रशुद्ध पद्धतीवर उतरलो. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेतली, ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून खिडकीच्या जाळीला बांधली आणि तिच्यात पाणी भरलं. पाणी दिसावं म्हणून त्यात मिलमधला लाल रंग चिमूटभर टाकला. एका टोकाला इंजिनची नळी, दुसरं टोक मोकळं. इंजिन जितकं ओढेल तितकं पाणी एका बाजूला चढेल, पट्टी लावायची आणि वाचायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत हे मी केलेलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत फियाट नव्हती, एवढाच फरक.

ललितने चावी फिरवली. पाणी चढलं की नाही हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, कारण पापणी लवते तेवढ्यात नळीत पाणीच नव्हतं. गाडीने ते पिऊन टाकलं. मग ती खोकली. उचकी लागलेल्या माणसासारखी दोनदा उडाली आणि सायलेन्सरमधून वाफेचा एक ढग, त्यामागून गुलाबी थेंबांची फवारणी, असं सगळं मागच्या बाजूला सोडून दिलं.

मागच्या बाजूला खाटेवर शेजारच्या धुरपदाबाईंच्या कुरडया वाळत होत्या.

"ओ वाल्मिकभाऊ!" धुरपदाबाईंचा आवाज अर्ध्या डिंडोलीला ऐकू गेला. "हाई काय करी टाकं? मन्या कुरडया लाल व्हई ग्यात!"

खाटभर पांढऱ्या कुरडयांना गुलाबी गोवर आला होता. मी शास्त्रीय कारण सांगायला तोंड उघडलं, पण नूतनने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. नूतनने तिथल्या तिथे तोडगा काढला. पुढच्या रविवारी गव्हाचा चीक आमच्या घरी शिजेल आणि सोऱ्या मी दाबेन. त्याप्रमाणे मिलचा इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर गच्चीवर पाट टाकून, कपाळाला टॉवेल गुंडाळून, सकाळपासून जेवणापर्यंत सोऱ्या दाबत होता आणि धुरपदाबाई शेजारी बसून, "वाकडी व्हयनी, मोडा, परत टाका," असं म्हणत होत्या. खालून जाणारा प्रत्येक माणूस मान वर करून विचारत होता, "काय भाऊ, आज किती प्रेशर?"

तिथेच मी ठरवलं. आता भंगार नाही, नळ्या नाहीत. खास या कामासाठी बनवलेला सेन्सर मागवायचा.

पुण्यात सेन्सर बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिचा कॅटलॉग आमच्या मिलमध्ये होता. मी दुपारच्या सुट्टीत एसटीडी बूथवर गेलो. पलीकडे कुणी देवस्थळी नावाचे इंजिनिअर होते. आवाजावरून सभ्य वाटले.

"प्रेशर सेन्सर हवाय," मी म्हणालो. "गाडीच्या हवेसाठी."

"ॲब्सोल्यूट, गेज की डिफरन्शियल?"

माझ्या मागे रांगेत चार माणसं उभी होती आणि काचेच्या दाराला कान लावून होती. त्यांच्यादेखत मला कळलं नाही असं कसं म्हणणार? "यातला चांगला कोणता?" मी विचारलं.

"साहेब," देवस्थळी म्हणाले, "हे आंबे नाहीत. कशाला लावणार, त्यावर आहे."

मी म्हणालो, भोंग्याला. ही माझी आणखी एक मोठी चूक. ते म्हणाले, भोंग्यात गाडीच्या वेगाने जो दाब येतो तो अगदी नाजूक असतो, पापडावर बोट टेकवावं इतका. त्याला तसाच नाजूक, दोन बाजूंमधला फरक मोजणारा सेन्सर लागेल. मी म्हणालो पाठवा. नाजूक म्हणजे नेमकं काय, ते मला आठ दिवसांनी जकात नाक्यावर कळलं.

नाका कोणता ते सांगत नाही. माणसं चांगली होती, चूक माझीच. पार्सल तिथे अडकलं म्हणून मी आणि ललित सोडवायला गेलो. टेबलामागे रमणीकभाई नावाचे एक गोरे, गोल, शांत गुजराती गृहस्थ बसले होते. त्यांनी बिल दोनदा वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सेन्सर? पिक्चरवाळुं सेन्सर?"

"ते नाही," मी म्हणालो. "हे प्रेशरचं."

"प्रेशरनुं सेन्सर." त्यांनी जाडजूड यादी उघडली. त्यात मोटारचे भाग होते, विजेचं सामान होतं, दवाखान्याचं सामान होतं, बैलगाडीची चाकंसुद्धा होती. सेन्सर नव्हता. मोटारचा भाग म्हणावं तर त्याला वायर होती. विजेचं म्हणावं तर त्याला रबरी नळी होती. नळी पाहून दवाखान्याचं म्हणावं तर ललितच्या हाताला ग्रीस होतं. तीन टेबलं फिरून पार्सल परत रमणीकभाईंकडे आलं.

"चालु करीने बतावो," ते म्हणाले. चालू करून दाखवा, मग कोणत्या रकान्यात टाकायचं ते ठरवू. मला यात गैर वाटलं नाही. उलट आनंद झाला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या ज्ञानाची मागणी करत होतं. मी बॅटरी जोडली, मल्टिमीटर लावला, सेन्सरची नळी तोंडाजवळ धरली आणि हलकेच फुंकलो. मीटरवरचे आकडे तुरुतुरु पळाले.

सगळं ऑफिस भोवती जमलं. रमणीकभाईंनी हळूच फुंकून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. मग टपालवाल्या ताईंनी फुंकलं. मग कुणीतरी म्हणालं, अरे, त्या वजन काट्यावरच्या पहिलवानाला बोलवा. तो आला. मांडीएवढा दंड, शंखासारखी छाती.

"जोरथी फूंको!" मागून आवाज आला.

त्याने डोळे मिटले, गाल फुगवले आणि फुंकलं. मीटरचा आकडा एकदम वर गेला, तिथे थबकला आणि पहिलवानाने नळी सोडल्यावरही खाली यायचं नाव घेईना. मी हलवून पाहिलं, फुंकून पाहिलं, ओढून पाहिलं. आकडा ढिम्म.

"मरी गयुं?" रमणीकभाईंनी कुजबुजत विचारलं. पहिलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हीच त्याची समजूत घातली, चहा पाजला. चहा पिता पिता रमणीकभाईंनी ललितकडून आप्पांच्या निकालापर्यंतची सगळी कहाणी काढून घेतली आणि शर्यतीची तारीख टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली.

मी पुन्हा एसटीडी बूथवर गेलो. या वेळी शहाणपण बाहेर ठेवून आत शिरलो. "देवस्थळी साहेब," मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही विचारा, मी सांगतो."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तोंडून निघालं, आणि बोलताना वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

मग त्यांनी एकेक विचारलं. कमीत कमी दाब किती होईल? इंजिन ओढतं, म्हणजे बाहेरच्या हवेच्याही खूप खाली. जास्तीत जास्त? बाहेरच्या हवेएवढा, वर जरासा. जवळ गरम किती? पेट्रोलची वाफ लागेल का? नळी किती लांब? नळी लांब असली तर आकडा उशिरा येतो, म्हणून वीतभरच ठेवा. इंजिनाच्या अंगावर बसवू नका, धक्क्याने आणि उष्णतेने जाईल, शेजारच्या पत्र्यावर रबर घालून बसवा. आणि मोजायचं भोंग्यात नको, कार्बोरेटरच्या खाली मोजा, कारण इंजिनाच्या पोटात शेवटी किती पोहोचलं तेच खरं. "तुम्हाला ॲब्सोल्यूट हवाय," ते म्हणाले, "म्हणजे अगदी निर्वातापासून मोजणारा. आणि हा फुंकून मरत नाही."

तो आला. रमणीकभाईंनी तो कोणाला हात लावू न देता, कसल्याशा रकान्यात टाकून, स्वतः उठून माझ्या हातात दिला. घरी येऊन मी तो मीटरला जोडला. नळी कशालाही जोडलेली नव्हती, तरी मीटर चार व्होल्ट दाखवत होता. पुन्हा बूथ.

"खराब आलाय," मी म्हणालो. "काही न जोडताच प्रेशर दाखवतो."

"साहेब, ते हवेचं आहे," देवस्थळी म्हणाले. "आपण सगळे जन्मापासून त्याच्याखाली आहोत."

मला तोवर वाटत होतं की ते फक्त मला आहे.

चाचणी डिंडोलीच्या पुढे, कालव्याशेजारच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळी सहाला. ललित चालवणार, मी शेजारी मांडीवर मीटर आणि हातात वही घेऊन. गाडी जागेवर चालू असताना आकडा होता एक पूर्णांक चार. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. मग ललित म्हणाला, "दाजी, धरून बसा," आणि त्याने पाय दाबला.

पहिल्या फेरीत मी एकही आकडा घेतला नाही, कारण मीटर माझ्या मांडीवर होता आणि डोळे मिटलेले होते. दुसऱ्या फेरीत एक डोळा उघडला. तिसऱ्या फेरीत दोन्ही. कालव्याच्या कडेची बाभळीची झाडं एकामागून एक निघून जात होती, वारा कानात शीळ घालत होता, आणि मी, बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, मोठ्याने ओरडलो, "अडीच! ललित, अडीच!" कशासाठी ओरडतोय हे विसरून नुसताच ओरडत राहिलो.

थांबल्यावर मात्र अडीचचा अर्थ डोक्यात शिरला. पाय पूर्ण दाबला, वाट पूर्ण उघडी, म्हणजे आत जवळजवळ बाहेरच्याएवढाच दाब हवा. चारच्या जवळ. अडीच आला, म्हणजे वाटेत कुठेतरी इंजिनाचा गळा आवळला होता. आम्ही भोंगा खोलला. आत, कार्बोरेटरच्या तोंडावर, मोरपंखी रंगाच्या कापडाच्या तीन घड्या तारेने घट्ट बांधलेल्या होत्या. पॉलिएस्टर. दाट विणीचं, वर फिनिशिंग केलेलं, ज्यातून पाणीसुद्धा विचार करून जातं.

"हे काय?" मी विचारलं.

ललित जमिनीकडे बघत होता. "धुळीसाठी. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच दिलं होतं, दाजी. तुमच्या मिलचा तुकडा. म्हणाला होतात, याच्यासारखं फिल्टर बाजारात नाही."

मी म्हणालो असेन. मी अशा गोष्टी म्हणतो. मी गाडीच्या टायरला टेकून खाली बसलो. सत्त्याण्णव सालची नववी जागा, काळा धूर, शेवटचं ढकलणं, आप्पांचा निकाल, सगळं त्या मोरपंखी तुकड्यातून गाळून आलेलं होतं. दोन वर्षं हा पोरगा कार्बोरेटर बदलत होता, पेट्रोल बदलत होता, स्वतःच्या हातांना दोष देत होता, आणि एवढं असून कापड त्याने काढलं नाही, कारण ते दाजींनी दिलं होतं.

"सोडा हो दाजी," ललित म्हणाला. "आप्पांना सांगायचं नाही. म्हणू पेट्रोल खराब होतं." कापड काढून त्याने जाळीदार फोम बसवला. पुन्हा फेरी मारली. तीन पूर्णांक आठ. फियाट अशी उडाली की माझी वही मागच्या काचेवर जाऊन आपटली.

मेच्या दुसऱ्या रविवारी शर्यत होती. मैदानावर नऊ गाड्या, भोवती हजारभर माणसं, उसाच्या रसाचे दोन गाडे. नाक्यावरची मंडळीही आली होती, पहिलवानासकट. आप्पा पांढरी टोपी घालून सावलीत उभे होते. त्यांनी नऊही गाड्यांकडे पाहिलं आणि चारचौघांत, शांतपणे म्हणाले, "पोराना हातमा गुणच नही. चुकी त्यानी नही, देवनीच."

ललितने ऐकलं. तो बॉनेट पुसत राहिला.

माझ्याकडे गप्प राहायला चांगलं कारण होतं. ललितने स्वतःच ते दिलं होतं. आणि जावयाचं एक स्थान असतं. सासऱ्यासमोर त्याने चुकायचं नसतं, फार तर आजारी पडायचं असतं. तरी माझे पाय आपोआप आप्पांसमोर गेले.

"आप्पा," मी म्हणालो, "त्याच्या हातात गुण आहे. गेल्या वर्षी गाडी माझ्यामुळे मागे पडली. मी त्याला हवेच्या तोंडावर बांधायला कापड दिलं. तुमच्या पोराने माझा मान राखला म्हणून तो हरला."

आप्पांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. मला टोपी नव्हती, पण त्यांनी तिथूनच सुरुवात केली. मागे उभी असलेली नूतन पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. अशी ती माझ्या बाजूला पहिल्यांदाच, कोणी न सांगता, उभी राहिली.

"अस्सं," एवढंच आप्पा म्हणाले.

तेवढ्यात क्लबचे अधिकारी आले. नियमाप्रमाणे गाडीत दोघं हवेत. दुसऱ्याचा फॉर्म माझ्या नावाने भरलेला होता: फोटो दोन, रक्तगट, आणि वजन चौऱ्याऐंशी किलो. ललितने त्या आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "दाजी, वाईट वाटून घेऊ नका..."

"मी बसते," नूतन म्हणाली. "माझं बावन्न आहे."

अधिकारी म्हणाले, बहेनजी कशा बसतील? नूतनने विचारलं, कुठे लिहिलंय? अधिकारी नियमांचं पुस्तक चाळू लागले. तेव्हा गर्दीतून रमणीकभाई पुढे आले, त्यांनी ते पुस्तक आपल्या हातात घेतलं आणि तीस वर्षांच्या सरावाने, बोट फिरवत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. "एवुं क्यांय लखेलुं नथी," त्यांनी जाहीर केलं. असं कुठेही लिहिलेलं नाही. पहिलवानाने टाळ्या वाजवल्या. नूतनने पदर कमरेला खोचला, हेल्मेट चढवलं, मीटर मांडीवर घेतला आणि आपली पर्स माझ्या हातात दिली.

सहा फेऱ्या होत्या. धूळ इतकी उठली, की पहिल्या वळणानंतर गाड्या दिसेनाशा झाल्या. नुसते आवाज फिरत होते. दुसऱ्या फेरीला पाच नंबर सातवा होता. तिसरीला सहावा. मग काय झालं कोण जाणे, ललितने पुढच्या गाडीच्या मागचा रस्ताच सोडला आणि तो बाहेरच्या, कोणी न वापरलेल्या कडेने निघाला. मी पर्स उंच धरून ओरडत होतो. नंतर कळलं, की धुळीत फोम चोंदायला लागला होता. नूतनने आकडा पडताना पाहिला आणि भावाला ओरडून सांगितलं, "तीन सहा! तीन पाच! धुळीतून बाहेर काढ रे!" त्याने काढली. बाहेर हवा स्वच्छ होती. आकडा तिथेच थांबला आणि गाडी पळाली.

पाच नंबर तिसरा आला. स्वतःच्या पायांनी.

नूतन उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर धुळीचा थर होता आणि फक्त दात दिसत होते, कारण ती हसायची थांबत नव्हती. तिने वही माझ्यापुढे धरली. सहा फेऱ्यांची बारा रीडिंग, समासासकट. लोकांनी ललितला उचललं. पहिलवानाने एकट्यानेच उचललं. धुरपदाबाई गर्दीत घुसून त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडू लागल्या.

आप्पा हळूहळू चालत गाडीपाशी आले. भोंग्यात डोकावले. सेन्सरला बोट लावून पाहिलं. मग कोणाला काही न विचारता दार उघडून नूतनच्या जागेवर बसले.

"चाल," ते ललितला म्हणाले.

दोघे एक फेरी मारून आले. आप्पांची टोपी मैदानात कुठेतरी राहिली होती, पांढरे केस उभे होते, आणि ते उतरायला तयार नव्हते. "आखो एक फेरा," ते म्हणाले. अधिकारी शिट्ट्या वाजवत होते. आप्पांना त्या ऐकू आल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"पाव्हणा, कारखानाले चिठ्ठी लिखी द्या. पोरगा येत नही म्हना. तुम्हनं अक्षर चांगलं शे."

नूतनच्या वहीतून मी एक कोरं पान फाडलं, ते बॉनेटवर ठेवलं आणि खिशातलं पेन काढलं. 'माननीय साहेब, सविनय नमस्कार' एवढं लिहून झालं होतं. पुढे 'आपण दिलेल्या संधीबद्दल' असं लिहायला मी पेन टेकवलं, आणि ललितने गाडी सोडली. बॉनेट हाताखालून निघून गेलं. कागद माझ्या हातात राहिला, पेन गाडीबरोबर गेलं, आणि मी पर्स सांभाळत, "आप्पा, थांबा! आप्पा!" असं ओरडत त्यांच्या धुळीमागे धावत सुटलो.